नमुना सही

आमच्या प्राध्यापकांनी आमच्याकडून कसलीच अपेक्षा ठेवली नाही आणि आम्हीही त्यांचा कधी अपेक्षाभंग केला नाही. मार्चमध्ये गाइड घ्यायचं, एप्रिलमध्ये विसरायचं, की झालो बी.कॉम.!

त्यामुळे लासूर स्टेशनहून सकाळच्या गाडीने संभाजीनगरच्या कॉलेजात जाणारी आमची कन्या 'चित्रभाषा आणि लेखन' या विषयाच्या अपेक्षांचा छापील कागद घेऊन आली, तेव्हा मी तो कर्जाच्या करारासारखा बारीक अक्षरांसकट वाचला. दर आठवड्याला एका चित्राचं टिपण. ते चित्र कुणाशी बोलतं, त्याच्याकडून काय करवून घेऊ पाहतं, ते सांगायचं. निबंधाचा आधी कच्चा खर्डा, त्यावर शेरे, मग पक्का. आणि शेवटी एक रकाना : 'कोणाची मदत घेतली?'

"चित्रावर कसला आलाय निबंध?" मी म्हणालो.

"बाबा, रोलाँ बार्थ नावाच्या फ्रेंच लेखकानं १९६४ साली पास्त्याच्या जाहिरातीवर अख्खा निबंध लिहिला. त्या चित्रात कांदेसुद्धा होते."

कांद्याच्या उल्लेखाने लासूरकर विरघळतोच. मलाही मग आठवलं, की १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत अक्षरओळख नसलेल्या मतदाराशी बैलजोडीच बोलत होती. आमच्या लहानपणी भिंतीभिंतीवरचा लाल त्रिकोणही बोलत असे. आमच्या घराला मात्र तो चौथ्या अपत्यानंतर ऐकू आला.

कन्येने चित्र निवडलं ते नेमकं आमच्या शाखेतलं! काउंटरशेजारच्या भिंतीवर जांभळ्या शाईच्या बोटांचे शेकडो डाग आहेत, त्यांचा फोटो. तिचा खर्डा वाचून माझ्यातला लेखक कळवळला. वाक्यं तोकडी, वेलांट्या वाऱ्यावर. रात्री बसून मी तो पुन्हा लिहिला. 'निरक्षरतेच्या काळोखातील अश्रू' वगैरे घातलं. मदतीच्या रकान्यात तिला सांगितलं, "लिही, वडिलांनी शुद्धलेखन तपासले." ती काही बोलली नाही. तिने पेनाचं टोपण लावलं आणि झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर एक आजी आल्या. पैसे काढायच्या स्लिपवर झोकदार सही.

"आजी, तुमचा तर अंगठा आहे खात्यावर."

"नातवानं केली सही. अंगठ्यापरीस बरी दिसती."

"दिसते बरी. पण ती तुमची नाही ना."

"नाव तं माझंच हाय, भाऊ!"

मी त्यांना नवी स्लिप दिली, पासबुकावरचा फोटो ताडून पाहिला, अंगठा घेतला. आणि आजींनी जाता जाता तो भिंतीला पुसला.

वीस वर्षं मी सह्या ताडतोय. माझा नियम एकच : सही सुंदर नसली तरी चालेल, नमुन्याशी जुळली पाहिजे. आणि घरी मीच पोरीच्या नावावर माझी झोकदार सही ठोकून बसलो होतो! माया म्हणून का होईना, पण खोट्या सह्या बहुधा मायेची माणसंच करतात. परक्याला कोण एवढे कष्ट घेतो?

संध्याकाळी मी तिचा खर्डा पुन्हा वाचला, या खेपेला पेन खिशात ठेवून. तोकड्या वाक्यांत एक वाक्य होतं : 'बँकेनं अंगठ्याला शाई ठेवली पण पुसायला फडकं नाही ठेवलं, म्हणून लोक भिंतीला पुसतात. हे चित्र बँकेशी बोलतंय.'

माझ्या अश्रूंच्या आवृत्तीत फडकं नव्हतं. खुर्चीपासून चार हातांवरची ती भिंत माझ्याशी बोलत होती आणि मी वीस वर्षं शाईचा पॅड पुढे सरकवत होतो.

"तुझाच निबंध दे," मी म्हणालो. "वेलांट्या तेवढ्या तू बघ."

तिने तो दिला. मदतीच्या रकान्यात लिहिलं : 'वडिलांनी दुसरा लिहून दिला होता. वापरला नाही.'

मार्क बेताचेच पडले. प्राध्यापकांनी माझ्या रकान्याखाली मात्र लाल शाईने 'छान' असा शेरा मारला. माझ्या न वापरलेल्या साहित्याला मिळालेली ही पहिलीच दाद.

काउंटरवर आता फडकं आहे. घरच्या जुन्या धोतराचं. दोनदा चोरीला गेलं, पण भिंत सध्या गप्प आहे.