जवळचे पाहण्याचे श्रम

डोळ्यात शिरणारा प्रकाश वाकवून दृष्टिपटलावर एकत्र आणण्याचे सुमारे दोनतृतीयांश काम पारपटल, म्हणजे डोळ्याचे समोरचे पारदर्शक आवरण, करते. परंतु त्याची वक्रता ठरलेली असल्यामुळे नजर पुस्तकावरून डोंगराकडे वळली, तर त्या बदलाशी जुळवून घेणे त्याला जमत नाही. ते काम बाहुलीमागच्या लवचीक नेत्रभिंगाचे असते. थॉमस यंग यांनी 1801 मध्ये याचा पुरावा मोठ्या कल्पकतेने दिला : डोळा पाण्याला भिडवला की पारपटलाची शक्ती जवळजवळ नाहीशी होते, तरीही जवळचे व दूरचे आळीपाळीने स्पष्ट पाहण्याची क्षमता, म्हणजेच समायोजनशक्ती, शाबूत राहते, मोतीबिंदूमुळे भिंग काढलेल्या डोळ्यांत मात्र ती आढळत नाही.

भिंगाचा आकार नेमका कसा बदलतो, याचे आज बहुमान्य असलेले स्पष्टीकरण हेल्महोल्ट्झ यांनी 1855 मध्ये मांडले. भिंगाभोवती रोमक स्नायूचे कडे असते आणि अतिसूक्ष्म तंतूंनी भिंग त्या कड्याला बांधलेले असते. स्नायू आवळला की भिंग ताणले जात असावे, असे कोणालाही वाटेल. घडते ते उलट. स्नायू आकुंचन पावताच कडे लहान होते, तंतू सैल पडतात आणि मोकळे झालेले भिंग आपल्या लवचीकपणाने फुगीर होते. स्नायू सैलावला की तंतू ताणले जाऊन ते चपटे होते. म्हणून निर्दोष डोळ्याला दूरचे क्षितिज पाहताना विसावा मिळतो, तर हातातले अक्षर वाचताना हा स्नायू सतत राबत असतो. त्याच वेळी बाहेरचे स्नायू दोन्ही डोळे नाकाकडे वळवतात आणि बाहुलीही आक्रसते. इतके सारे जुळून येत असूनही वाचन हे बैठे काम मानले जाते, हे नवलच!

चाळिशी लागली की दोष या स्नायूच्या माथी मारला जातो, आणि डोळ्यांच्या व्यायामाने चष्मा घालवण्याची आश्वासने याच समजुतीवर उभी असतात. वस्तुतः स्नायू तेव्हाही आकुंचन पावतो, तंतूही सैल पडतात. पण वयाबरोबर कठीण झालेले भिंग फुगत नाही, आणि स्नायू कितीही बळकट केला तरी त्याला भिंगाचा लवचीकपणा परत आणता येत नाही. वाचनाच्या चष्म्याची बहिर्गोल काच हीच उणीव बाहेरून भरून काढते. मात्र तिचा फुगीरपणा कायमचा असल्याने तोच चष्मा लावून दूर पाहिले, तर समोरचा रस्ता धूसर दिसतो.