सारीपाट, सहभाव आणि हरण्याची नीती

सोलापूरला लागूनच असलेल्या बाळे येथे खंडोबाचे ठाणे आहे. या परिसरातील अनेक घरांतून लग्नकार्य पार पडल्यानंतर खंडोबाचे जागरण घातले जाते. वाघ्या-मुरळी देवाची गाणी गातात. खंडोबाच्या या कथापरंपरेत, सारीपाटाच्या एका डावाने ज्यांचा संसार दुभंगला अशा दांपत्याची कथा आहे. नवपरिणितांच्या कानांवर हीच कथा का पडावी? सामाईक खेळ आणि छंद स्त्री-पुरुषांमधील प्रेम दृढ करतात, ही आज जवळजवळ निर्विवाद मानली जाणारी समजूत आहे. प्रस्तुत टिपणात तिची तपासणी या लोककथेच्या आधारे करावयाची आहे.

या समजुतीला तत्त्वचिंतनाचा आधार नाही असे नव्हे. ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या नवव्या पुस्तकाच्या अखेरीस ॲरिस्टॉटल म्हणतो की, ज्या गोष्टीसाठी आपण जगतो असे माणसाला वाटते, तीच तो मित्रांच्या सहवासात करू पाहतो, म्हणून कोणी एकत्र मद्यपान करतात, कोणी फासे खेळतात, कोणी शिकार करतात, तर कोणी तत्त्वचर्चा. तथापि या यादीत एक भेद दडलेला आहे. शिकारीत किंवा चर्चेत दोघांचीही दृष्टी तिसऱ्या वस्तूकडे असते. फाशांच्या डावात ती परस्परांवर असते. छंदात माणसे शेजारी-शेजारी बसतात, खेळात समोरासमोर. प्रेमसंबंधाच्या संदर्भात हा भेद निर्णायक ठरतो.

प्रथम छंदाचा विचार करू. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ (१९१०) या ग्रंथातून पतिपत्नींच्या सामाईक विद्याव्यासंगाचे एक दुर्मिळ चित्र हाती येते. न्यायमूर्ती रानडे पत्नीस स्वतः शिकवितात, आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष मात्र रमाबाईंना सोसावा लागतो. येथे सहभाव आहे, याविषयी शंका नाही. परंतु आरंभीची निवड एकाची आहे आणि तिची किंमत दुसरीने मोजलेली आहे. पुढे रमाबाईंनी त्या विद्येतून स्वतःचे सार्वजनिक आयुष्य घडविले, हे त्यांचे कर्तृत्व होय. मुद्दा असा की, छंदातील सहभागामागे आवड, अनुकरण व आज्ञापालन या तिन्ही प्रेरणा एकत्र नांदू शकतात, आणि त्या कोणत्या प्रमाणात आहेत हे सहभागी व्यक्तीलाही नेमके सांगता येईलच असे नाही.

खेळाची गोष्ट वेगळी. पट मांडला की दोघांनाही नियम सारखाच असतो. वय, लिंग, घरातील स्थान यांची दखल फासा घेत नाही. विषमतेवर उभ्या असलेल्या संसारात खेळ हा समतेचा एक लहानसा, तात्पुरता प्रदेश असतो. आपल्या विवाहविधींनी हे ओळखलेले दिसते. परातीतल्या रंगीत पाण्यात अंगठी शोधणे, मुठीतली सुपारी सोडविणे हे खेळ, एकमेकांची पुरती ओळखही न झालेल्या वधूवरांकडून हौसेने खेळवून घेतले जातात. मात्र पुढे हा प्रदेश बंद होतो. झिम्मा-फुगडी आणि मंगळागौर बायकांची, तालीम आणि पत्त्यांचा अड्डा पुरुषांचा, अशी वाटणी होते. समोरासमोर बसण्याचा प्रसंग उरत नाही.

या पार्श्वभूमीवर आपल्या कथापरंपरेतील द्यूतांकडे पाहावे. महाभारतातील द्रौपदी पणाला लावली जाते. ती खेळत नाही. नलाख्यानात पुष्कर दमयंतीला पणाला लावण्याची सूचना करतो, नल ती मानत नाही; पण दमयंतीही पटावर बसलेली नाही. याउलट स्कंदपुराणातील पार्वती स्वतः खेळते, शंकराचे सर्वस्व जिंकते आणि रुष्ट होऊन वनात गेलेल्या पतीला शबरीच्या वेषात जाऊन परत आणते. वेरूळच्या २९ क्रमांकाच्या लेण्यात हे दांपत्य सारीपाट खेळताना कोरलेले आहे. म्हाळसा ही याच परंपरेतील खेळाडू. ती खंडोबाला हरविते आणि पणानुसार तो बारा वर्षांच्या वनवासाला जातो. पण हा वनवास त्याला धनगरांच्या वाड्यावर, बाणाईच्या दारी नेतो; तेथे तो चाकर होऊन मेंढरे राखतो आणि शेवटी बाणाईशी लग्न लावतो. पार्वतीच्या विजयानंतर पुनर्मीलन आहे. म्हाळसेच्या विजयानंतर सवत आहे.

खंडोबा खरोखर हरला, की हरायचेच म्हणून हरला? वनवासाची फलश्रुती पाहता दुसरा अन्वय सहज सुचतो. योहान हाउझिंगा याने ‘होमो लुडेन्स’ (१९३८) मध्ये लबाड खेळाडू आणि खेळ मोडणारा यांत फरक केला आहे. लबाड खेळाडू वरकरणी खेळाचे रिंगण मानतो, मोडणारा ते उधळून लावतो. हेतुपुरस्सर हरणारा हा मला तिसरा प्रकार वाटतो. तो एकही नियम मोडत नाही, रिंगणही उधळत नाही. आणि तरीही समोरच्याला एकट्याने खेळावयास लावतो. ज्या एका जागी म्हाळसा त्याच्या बरोबरीची होती, तीच जागा त्याने बाहेर पडण्याचे दार म्हणून वापरली.

यावर असा आक्षेप येईल की, प्रेमापोटीही माणसे हरतात. जोडीदाराला आनंद व्हावा म्हणून सोंगटी मुद्दाम चुकवितात. हा आक्षेप गंभीर आहे. परंतु आपण लहान मुलापुढे असे हरतो, कारण त्याला बरोबरीचे मानत नाही. वत्सल पराभवही पराभूताचेच वर्चस्व सिद्ध करतो. हेतू कितीही वेगळे असोत, दोन्ही प्रसंगी जिंकणाऱ्याच्या वाट्याला एकच गोष्ट येते : आपण जिंकलो, की आपल्याला जिंकू दिले गेले, हे कळण्याचा मार्ग उरत नाही. खंडोबा प्रामाणिकपणे हरला असे मानले, तरी बाणाई घरात आल्यावर म्हाळसेला ही शंका टाळता येत नाही. तिने गमावले ते केवळ पतीचे अविभक्त प्रेम नव्हे. स्वतःच्या विजयावरचा विश्वासही गमावला.

तेव्हा सामाईक खेळ प्रेम दृढ करतो हे विधान अपुरे आहे. तो प्रेमाला पुरवितो ती आवडीनिवडींची जुळणी नसून समोरच्याला पूर्ण बळानिशी सामोरे जाण्याची संधी. ती नाकारली, तर आयुष्यभर एकत्र खेळूनही दोन माणसे एकमेकांना भेटलेली नसतील. जेजुरीच्या गडावर म्हाळसा देवाच्या शेजारी आहे आणि बाणाईचे स्थान गडाच्या अर्ध्या वाटेवर. जागरणातील गाणी या दोघींच्या भांडणात रमतात. सारीपाटावर समोर बसलेल्या त्या तिसऱ्याला मात्र, तू खरा खेळलास का, असे म्हाळसेच्या वतीने कोणीतरी विचारावयास हवे. आणि कथा ऐकणाऱ्या नव्या दांपत्याने तो प्रश्न एकमेकांना.