मनूच्या यादीतलं मांजर



मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात प्रायश्चित्तांचा हिशेब मांडलाय. कुणाला मारलं तर काय भरायचं, त्याचा. त्यात मांजर येतं. मांजर, मुंगूस, चाष पक्षी, बेडूक, कुत्रा, घोरपड, घुबड, कावळा, यांतलं काही मारलं तर शूद्राला मारल्याचं जे प्रायश्चित्त तेच करावं, असं तिथं लिहिलंय. लगेच पुढे पर्यायही दिलेत. तीन रात्री नुसत्या दुधावर राहा, नाहीतर एक योजन चाला, नाहीतर वाहत्या पाण्यात अंघोळ करा, नाहीतर पाण्याच्या देवतेचं सूक्त म्हणा. सुटलात.

म्हणजे शूद्राचा जीव आणि मांजराचा जीव एका तागडीत. आपण तर शूद्राच्याही खालचे. दहाव्या अध्यायात चांडाळाची मालमत्ता सांगितलीय, कुत्री आणि गाढवं.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडात ही वही जाळली, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी वेगळं सांगतोय. माझी मांजर मेली. दीड वर्ष आजारी होती, आणि मेली. मी तिच्यासाठी रडलो. तर आपल्याच एका कार्यकर्त्या दोस्तानं मला विचारलं, 'तुला लाज नाही वाटत?'

हा प्रश्न त्यानं लळिंगला विचारला. १९३७ साली बाबासाहेब खटल्याच्या कामानं धुळ्याला आले होते, तेव्हा लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला. त्या आठवणीनं दर ३१ जुलैला खानदेशातली आपली माणसं तिथं जमतात. पाऊस भुरभुरत होता, आम्ही चहा घेत होतो. दोस्त म्हणाला, 'जामनेर तालुक्यात वाकडीला २०१८ साली विहिरीत पोहली म्हणून आपल्या पोरांना उघडं करून मारलं. तेव्हा किती रडला होतास? आणि आता मांजरीला रडतोस. मांजर ही बंगलेवाल्यांची चैन आहे.'

बंगलेवाल्यांची मांजरं विकत आणलेली असतात. आमची सूतगिरणीच्या वेस्टच्या गोदामात गोणीवर सापडली होती. पण ते सोडा. त्याचा राग खरा होता, आणि प्रश्न वरून दिसतो तेवढा सोपा नाही, म्हणून लिहायला बसलो.

आपल्या अपमानाची मोजपट्टीच कुत्र्या-मांजरांची आहे. चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती आणि आपल्याला बंदी होती. १४ ऑगस्ट १९३१ ला मुंबईत मणिभवनात बाबासाहेबांनी गांधींना तोंडावर हेच सुनावलं, की जिथं आमची किंमत कुत्र्या-मांजराहून कमी, तो देश मी माझा कसा म्हणू. ज्या जनावराचं नाव घेऊन आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या हिणवलं, त्याच्यावर माया करायची म्हणजे ते हिणवणं गिळायचं की काय? दोस्ताला हेच विचारायचं होतं. त्याला नीट मांडता आलं नाही एवढंच.

माझं म्हणणं असं. चवदार तळ्यावर आलेल्या मांजरानं कुणाला अडवलं नव्हतं. त्याला तहान लागली, ते प्यायलं. अडवणारे काठावर दोन पायांवर उभे होते. मनूच्या यादीतल्या मांजरालाही कुणी विचारून यादीत घातलं नाही, आणि मनूनं मांजराचा मान वाढवला असंही काही नाही. तीन दिवस दूध प्यायलं की ज्याच्या मरणाचा हिशेब मिटतो, त्याची त्या वहीत काय किंमत असणार! माणसाला हलकं ठरवायला त्यानं मांजर वजनाला घेतलं. भांडण वजन घालणाऱ्याशी आहे.

आणि त्यांचं जनावरांवरचं प्रेम बघा. ११ जुलै २०१६, गुजरातेतलं उना. मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या आपल्या माणसांना गाडीला बांधून फोडून काढलं. त्यानंतर सुरेंद्रनगरच्या आपल्या लोकांनी मेलेली जनावरं उचलायचं नाकारलं आणि कलेक्टर कचेरीपुढे नेऊन टाकली. तेव्हा ते प्रेम कुठं गेलं? ज्या गाईसाठी माणूस मारता येतो, ती मेली की तिला हात लावायला कुणी येत नाही. आजारी गाय सोडून देतात ते वेगळंच. असल्या प्रेमात जनावर नसतंच.

इथं मला माझा आजा आठवतो. पांझरेकाठच्या गावात त्याच्याकडे गावकीचं काम होतं, मेलेलं ढोर ओढायचं. बैल मेला की मालकाच्या घरी रडारड व्हायची, चूल पेटायची नाही, आणि मग महारवाड्यात सांगावा यायचा. रडणं त्यांच्याकडे, ओढणं आपल्याकडे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. ते एका दिवसात नाही सुटलं. गावोगाव मारहाण झाली, बहिष्कार पडले, तरी माणसं अडून बसली. आज्यानं ते काम टाकलं आणि मिलचा रस्ता धरला. पण मेलेल्या जनावराकडे बघून त्याला काय वाटायचं, हे त्याला कुणी कधी विचारलं नाही. ओझं, वास आणि पोटातली भूक, यापलीकडे काही वाटायला जागाच ठेवली नव्हती. हळहळायचं तर जनावर आपलं असावं लागतं.

मी माझ्या मांजरीसाठी घरामागे खड्डा खणला. कुणाचा सांगावा आलेला नव्हता. आमच्या घरात मेलेल्या जनावराला स्वतःच्या मर्जीनं हात लावणारा बहुधा मी पहिलाच. हे दोस्ताला चैन वाटतं. मला वाटत नाही.

आता तिच्या आजाराचं. तिचं नाव सरकी. पांढऱ्या अंगावर करडी लव, सरकीवर रुई चिकटून राहते तशी. नऊ वर्षं घरात होती. मग अचानक पाणी फार प्यायला लागली. मोरीत, माठाखाली, जिथं ओल दिसेल तिथं तोंड घालायची. मुतायचीही तेवढीच. वाळत गेली, तोंडाला वास मारायला लागला. गुरांच्या दवाखान्यात म्हशींच्या रांगेत तिला पिशवीत घेऊन उभा राहिलो, लोक हसले. डॉक्टर मात्र हसला नाही. रक्त काढून बाहेर तपासायला पाठवलं, चार दिवसांनी म्हणाला, मूत्रपिंडं गेलीत. उतारवयात मांजरांना हे बऱ्याचदा होतं. रक्तात दिसेपर्यंत जवळजवळ पाऊण भाग कामातून गेलेला असतो आणि गेलेला परत येत नाही. बरी होणार नाही, सांभाळता येईल.

सांभाळलं. बोंबील बंद. कातडीखाली सलाईन, रोज शंभर मिली. पाळीवरून आलो की आई तिला मांडीवर धरायची, मी मानेमागची कातडी चिमटीत उचलून सुई घालायचो. खांद्यावर पाण्याचा फुगा यायचा आणि हळूहळू जिरायचा. आधी ओरबाडायची. नंतर बाटली खुंटीला अडकवली की आपणहून येऊन बसायची. त्या दीड वर्षात मी तिला मरताना बघत होतो आणि तिच्यासोबत जगतही होतो. वजन थोडं वाढलं की घरात सण असल्यासारखं वाटायचं. ती मेली तेव्हा आई म्हणाली, रडायचं ते तू आधीच रडून घेतलंस. तसं नव्हतं. आधीचं वेगळं, नंतरचं वेगळं. आजही पाळीवरून आल्यावर हात खुंटीकडे जातो.

सलाईनच्या पैशात चळवळीचं काय काय झालं असतं, हाही हिशेब मला ऐकवला गेला. माझी वर्गणी कधी चुकलेली नाही, तेव्हा हिशेब मी पैशाचा करत नाही, दुःखाचा करतो. दुःख म्हणजे रेशनचं धान्य आहे का, की मांजरीला पावशेर दिलं म्हणजे वाकडीच्या पोरांना पावशेर कमी पडलं? बाबासाहेबांचा राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला. त्याआधीही लेकरं गेली होती. त्या घावानं ते किती खचले, हे त्यांच्या पत्रातून सगळ्यांना ठाऊक आहे. आणि आठ महिन्यांनी, २० मार्च १९२७ ला, त्यांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. लेकराची आणि मांजराची बरोबरी मी करत नाही, कुणी तसं वाचू नये. म्हणायचं एवढंच, की ज्याचं काळीज घरात फाटतं त्याचा हात रस्त्यावर ढिला पडतो, असं आपल्या इतिहासात दिसत नाही. उलट ज्याला घरात काही वाटत नाही असा कार्यकर्ता मला जरा धोक्याचा वाटतो.

शेवटी शेवटी तिनं खाणं सोडलं. डॉक्टर म्हणाला, इंजेक्शन देऊन शांत करता येईल, तुम्ही ठरवा. आई तिच्याजवळ बसून म्हणायची, 'तिले भलता तरास व्हई ऱ्हायना रे.' मी रोज पंचशील म्हणतो. त्यातलं पहिलंच शील प्राणिहत्येपासून दूर राहायचं. मग?

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ बाबासाहेब गेल्यावर १९५७ साली छापून आला. त्यात अहिंसेबद्दल ते सांगतात, की मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी, आणि बुद्धानं अहिंसा तत्त्व म्हणून सांगितली, नियम म्हणून नाही. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विचार करायला मोकळा ठेवतं. हे मी अभ्यासवर्गात पाठ म्हणून दाखवलंय. पण पायाशी जीव तडफडत असताना ते मोकळेपण किती जड असतं ते तेव्हा कळलं. नियम असता तर बरं झालं असतं, मी नियमामागे लपलो असतो. ब्राह्मणी धर्माचं आकर्षण हेच असावं. तिथं प्रत्येक गोष्टीचं प्रायश्चित्त आधीच छापलेलं असतं.

गरज आहे, हे खरं. पण गरज कुणाची? मी दीड वर्षात दमलो होतो. पाळीवर डोळे मिटायचे, जॉबर ओरडायचा. माझ्या थकव्यालाच मी तिची गरज म्हणत नाही ना? म्हणून मी तीन दिवस बिनपगारी रजा टाकली. झोपलो, जेवलो, तिच्याजवळ बसलो. दमलेल्या माणसानं हा निर्णय घेऊ नये, एवढंच मला सुचलं. तिसऱ्या दिवशी ती पाण्याच्या वाटीकडे बघायची पण मान उचलायची नाही. जी मांजर माठाखाली जीभ लावून बसायची, तिला पाणी नको झालं होतं. मी डॉक्टरला हो म्हणालो. तिचं डोकं माझ्या तळहातावर होतं. मला इच्छा नव्हती. आजही तो निर्णय मला बरोबर वाटतो, आणि आजही रात्री जाग येते. दोन्ही खरं आहे.

त्याच ग्रंथात करुणा आणि मैत्री यांतला फरक सांगितलाय. करुणा म्हणजे माणसांवरचं प्रेम. बुद्ध तिथं थांबला नाही, पुढे मैत्रीपर्यंत गेला, म्हणजे सगळ्या सजीवांवरचं प्रेम. आपण सभेत समता म्हणतो, बंधुता म्हणतो, मैत्री शब्दावरून घाईनं पुढे जातो. मला वाटतं आपल्याला भीती वाटते, की जनावराला जवळ घेतलं तर मनूची तागडी पुन्हा पुढे येईल. पण ती तागडी १९२७ ला जळाली ना? मग मांजर त्यातून मोकळं झालं, आपल्यासारखंच.

सरकी गेल्यावर आईनं विचारलं, काही विधी करायचा का. मी नाही म्हणालो. जलदान, पुण्यानुमोदन हे माणसांचं. नवं कर्मकांड कशाला काढायचं. आत्मा नाही, पुनर्जन्म घेऊन ती परत येणार नाही. ती गेली ती गेली.

पण वस्तीत बातमी गेली आणि माणसं येऊन बसायला लागली. हसायला आलेली बसून राहिली. किसा गोतमी मोहरी मागत दारोदार फिरली, आमच्याकडे दारंच चालत आली. कुणाची शेळी, कुणाचा कुत्रा, एकीनं तर कोंबडी सांगितली आणि स्वतःच लाजली. एक म्हातारा आला, आज्याच्या गावचा. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, लहानपणी पाटलाचा एक बैल त्याच्या हातचं खायचा, चरायला हाच न्यायचा. तो मेला तेव्हा ओढायला बापाबरोबर यालाच जावं लागलं. पाटलाची पोरं वाड्यावर रडत होती, आणि यानं दोराला हात लावताना डोळे पुसले तर बापानं थोबाडीत दिली, कुणी बघितलं तर म्हणतील महाराला काय झालं रडायला.

बैलाचं नाव काय होतं, मी विचारलं. तो जरा थांबला. मग सांगितलं.