'मामा'चा अर्थ कोण ठरवतं?

जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील. आईला तिथे 'देदा' म्हणतात. चिनी आणि स्वाहिलीत 'मामा' ही आई. मराठी-हिंदीत तो आईचा भाऊ. तमिळमध्ये आईचा भाऊही आणि सासराही, कारण मामाच्या घरात लग्न होण्याची तिथे जुनी रीत आहे. (मराठी सुना सासऱ्याला 'मामंजी' म्हणत, ते आठवावं.) मराठी आणि तमिळ शेजारी आहेत, त्यांच्यात देवघेव झाली असेल. पण जॉर्जियन, चिनी आणि स्वाहिली यांचं कूळ एक नाही.

रोमान याकोबसन यांनी १९६०मध्ये याचा उलगडा मांडला. तोंडात दूध असताना बाळाला आवाज काढता येतो तो फक्त नाकातून, म्हणून तो 'म'सारखा निघतो. पुढे काहीही हवं असलं की बाळ तोच आवाज काढतं. त्याचा शब्द करतात ती मोठी माणसं.

मी अडते ती इथे. बाळाचं म्हणणं इतकंच, की 'हवंय'. घर ऐकतं, 'मला हाक मारली.' तिबिलिसीतला बाप आणि नैरोबीतली आई एकाच आवाजाला ओ देतात, आणि दोघांनाही खात्री असते. याला मी बळजबरी म्हणणार नाही. कुणी ओ दिली नाही, तर बाळ बोलायला शिकणार कसं? शिवाय ते मोठं होऊन आपला अर्थ आपण सांगू लागतं. अनुवादकाच्या बाबतीतही हयात लेखक हरकत घेऊ शकतो.

वाचा गेलेल्या माणसाचं काय? नात्यातल्या एका बाईंना पक्षाघातानंतर 'मामा' एवढाच उच्चार उरला. मुलगा म्हणाला, माहेर आठवतंय. सून म्हणाली, पाणी हवंय. जमिनीच्या कागदावर अंगठा घ्यायला आलेल्या दिरांनी तो होकार धरला. दिरांच्या अर्थाला त्यांचा फायदा चिकटलेला होता, म्हणून तो लगेच खुपतो. पण मायेनं लावलेला अर्थही चुकतो: पाणी पुढे केलं, तर बाईंनी तोंड फिरवलं. आता सून एकेक वस्तू समोर धरते आणि त्यांची नजर कुठे थांबते ते पाहते. वेळ फार जातो. अंगठा तिनं अजून घेऊ दिलेला नाही.