अर्ध्या हळकुंडाने

गेल्या चंपाषष्ठीला जेजुरीचा गड चढताना मी अर्ध्या वाटेवर बसले. उजवा गुडघा भरून आला होता. साडेतीनशेहून अधिक पायऱ्या, आणि माझं वय सदुसष्ट. शेजारी टेकलेल्या एका आजींनी पदराच्या गाठीतून मूठभर भंडारा, देवाची हळद, काढला. ‘‘लाव बाई गुडघ्याला. मल्हारी बघून घेईल,’’ म्हणाल्या. त्यांच्या हातातली माया खरी होती. मी भंडारा कपाळाला लावला. गुडघ्याला लावताना मात्र हात थबकला. मला माझी बहीण आक्का आठवली.

आमचं माहेर मिरज तालुक्यात, हळदीचं रान असलेलं. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लागण व्हायची, आठ-नऊ महिने पीक रानात राहायचं. काढणीनंतर मोठ्या काहिलीत हळद शिजायची. वडील काडी टोचून बघायचे. काडी अलगद आत गेली तरच ते जाळ ओढायचे. मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवण आणि मग पॉलिश. सौद्यात भाव पडलेला असला की पोती हरिपूरच्या पेवांत जायची. कृष्णाकाठच्या त्या मातीत खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची; 2005 च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली. अशा घरात हळदीवर श्रद्धा ठेवावी लागत नाही, ती अंगातच मुरलेली असते. कापलं, हळद. घसा बसला, हळद. लग्न, हळद. देव, हळद.

आक्काला एकेचाळिसाव्या वर्षी दुखणं लागलं. दोन्ही हातांच्या बोटांची पेरं एकाच वेळी सुजली. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ मिटत नसे. भाकरी थापायला सासूबाई बसायच्या. घरातल्यांनी जे जवळ होतं ते केलं. सकाळ-संध्याकाळ हळदीचं दूध, रात्री हळदीचा लेप, आणि जेजुरीला पाच सोमवती अमावास्यांचा नवस. मी शाळेत शिक्षिका होते, शिकलेली होते, आणि त्या लेपासाठी हळद उगाळून देणाऱ्यांत मीही होते. तीन वर्षं अशी गेली. बोटं वाकडी झाली तेव्हा आक्का म्हणाली, ‘‘असू दे गं. मागल्या जन्मीचं देणं हाय, फेडल्याबिगर सुटायचं न्हाई.’’ आणि मग हळू आवाजात, ‘‘माझीच भक्ती कमी पडली असंल.’’

हे दुसरं वाक्य मला आजही झोपू देत नाही.

अखेर मिरजेच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं: आमवात. शरीराची संरक्षणव्यवस्थाच उलटून स्वतःच्या सांध्यांवर चाल करते, तो हा आजार. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू झाली, वेळोवेळी रक्ताच्या तपासण्या सुरू झाल्या. तीन-चार महिन्यांत सूज ओसरली. वाकलेली बोटं मात्र सरळ झाली नाहीत. या आजारात पहिले काही महिने सर्वांत मोलाचे असतात, आणि ते आम्ही घालवले होते. यात देवाचा दोष नव्हता, हळदीचाही नव्हता. दोष आमचा होता. आम्ही भक्तीला औषधाच्या जागी बसवलं आणि औषध लागू पडलं नाही तेव्हा भक्तालाच अपराधी ठरवलं.

म्हणून प्रारब्धाचा प्रश्न माझ्यासाठी पोथीतला राहिलेला नाही. दुखणं हा भोग आहे का? आपल्या परंपरेत याचं एकच उत्तर आहे असं मानणारे चरकसंहिता उघडत नाहीत. विमानस्थानात अग्निवेश गुरूंना विचारतो, माणसाचं आयुष्य ठरलेलं असतं की नसतं? आत्रेय सांगतात की दैव आणि पुरुषकार, म्हणजे पूर्वीचं कर्म आणि आताचा प्रयत्न, या दोन्हींच्या बळावर ते अवलंबून असतं, आणि दुबळ्या दैवाला बळकट प्रयत्न मागे सारतो. सगळंच आधी ठरलेलं असतं तर वैद्याची गरजच काय होती? सूत्रस्थानात तर उपचारांचे तीन मार्ग सांगितले आहेत: मंत्र, नवस, पूजा यांचा दैवव्यपाश्रय; आहार आणि औषध यांच्या योजनेचा युक्तिव्यपाश्रय; आणि मनाला आवर घालणारा सत्त्वावजय. तिन्ही शेजारी शेजारी आहेत. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असं तिथे म्हटलेलं नाही. आम्ही आक्काला तिनांपैकी एकच दिला, आणि दुसऱ्याच्या नावाखाली फक्त हळद.

अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. अमेरिकेत 1995 मध्ये जखमा बऱ्या करण्याच्या हळदीच्या गुणावर पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. आम्हा हळदवाल्यांची छाती तेव्हा फुगली. पण त्या निकालाने एवढंच ठरलं की हे ज्ञान आमचं जुनं आहे; हळद प्रत्येक दुखण्यावर चालते असं काही त्याने ठरलं नाही. हळदीतला सूज कमी करणारा घटक, कर्क्युमिन, वजनाच्या तीनेक टक्केच असतो. तो पाण्यात विरघळत नाही आणि आतड्यातून रक्तात फार थोडा उतरतो. बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं की मिऱ्यातल्या पिपरीनसोबत दिल्यावर त्याचं रक्तातलं प्रमाण वीसेक पटींनी वाढतं. तेलाच्या फोडणीत हळद घालायची आणि मसाल्यात मिरी ठेवायची आपली रीत त्यामुळे शहाणपणाचीच. गुडघ्याच्या झिजेत कर्क्युमिनने वेदना काहीशी कमी होते असं काही छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. तेवढं त्याचं श्रेय त्याला द्यावं. पण त्या चाचण्यांतली मात्रा कपभर दुधातल्या चमचाभर हळदीतून मिळत नाही, आणि म्हणून जास्त ताकदीच्या गोळ्या मनाने घेतल्या तर यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत. शिवाय पिवळी दिसणारी प्रत्येक पूड हळद नसते. रंग खुलवायला शिशाचं क्रोमेट मिसळल्याचं उघड झालेलं आहे. देवावर उधळायची पूड म्हणूनच डोळे मिटून पोटात घेऊ नये.

माझं दुखणं आक्काचं नाही. माझ्या गुडघ्यातली कूर्चा झिजली आहे. सकाळचा ताठरपणा दहा मिनिटांत जातो, चालल्यावर दुखतं, जिना उतरताना अधिक. डॉक्टरांनी मला एक हिशोब सांगितला: वजन एक किलोने उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो. हा हिशोब मी देवघरातल्या भिंतीवर लिहून ठेवला. एकादशीला मी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वेफर्स खात होते. त्याला उपास म्हणत होते. आता राजगिरा, ताक आणि फळं. चातुर्मासात वांगं सोडतात, मी साखर सोडली आणि चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत खाल्लं तरी साखर परत धरली नाही. रोज सकाळी पूजेआधी खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करायचा, दहा अंक मोजेपर्यंत धरायचा, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. मांडीचा स्नायू बळकट असला की गुडघ्याचा भार तो वाटून घेतो. संध्याकाळी अर्धा तास सपाट रस्त्यावर चालायचं. वर्षभरात साडेपाच किलो उतरले. वरणात, भाजीत हळद आहेच, रात्री मिरी घातलेलं हळदीचं दूधही आहे. ते मला आईची आठवण म्हणून हवं असतं.

गीतेच्या सहाव्या अध्यायात योग कोणाला साधतो याचं उत्तर आहे: ज्याचं खाणं, हिंडणंफिरणं, काम आणि झोप मापात आहे त्याला. लहानपणी पाठ केलेला तो श्लोक मला या वयात गुडघ्याने समजावला. माप हाच नेम, आणि नेम हीच पूजा. देवाने मला वेदनेतून सोडवावं असं मागणं मी सोडलं आहे. देवापर्यंत चालत येता यावं एवढं मी मागते, आणि त्यासाठीचे कष्ट माझ्याकडे ठेवते.

मग भंडारा कशासाठी? तो देवाची खूण आहे. उधळला की चढणाऱ्याच्या, उतरणाऱ्याच्या, पाठीवर मूल बांधलेल्या बाईच्या अंगावर सारखाच पडतो आणि सगळ्यांचा एकच रंग होतो. त्याला मलम केलं तर देवाची ती खूण लहान होते. दुखणं गेलं नाही की मग माणूस देवाला नाही तर स्वतःला बोल लावतो, आक्काने लावला तसा.

इतक्या वर्षांनी एवढं मात्र मला पक्कं कळलं आहे. प्रारब्ध हा शब्द माणसाने स्वतःच्या झालेल्या नुकसानीपुरता वापरावा, मन शांत व्हावं म्हणून. दुसऱ्याच्या चालू दुखण्याला तो कधीही लावू नये. दुसऱ्याला द्यायचा तो उपाय, वेळ आणि सोबत.

आजी, त्या दिवशी तुमचा मान ठेवून मी थोडा भंडारा गुडघ्यालाही लावला. पण तुमच्या घरी, शेजारी कुणा बाईची बोटं दोन्हीकडून सुजत असतील, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ मूठ मिटत नसेल आणि असं सहा आठवडे चाललं असेल, तर त्या दुखण्याला भोग म्हणू नका. तळी भरा, येळकोट करा, आणि त्याच आठवड्यात तिचा हात धरून तिला सांध्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.