बावीस ग्रॅमची झीज

साठ मिलिमीटर व्यासाचा, मीटरभर लांबीचा पोलादी शाफ्ट वजनाला साधारण २२ किलो भरतो. बेअरिंग बसते त्या दोन इंचांच्या पट्ट्यात तो सगळीकडून ०.३ मिलिमीटर झिजला की बेअरिंग ढिले पडते, यंत्र थरथरू लागते आणि शाफ्ट निकामी ठरतो. हिशेब करून पाहा. त्या झिजेत गेलेले लोखंड भरते जेमतेम २२ ग्रॅम. बाकीचा शाफ्ट धडधाकट असतो. तरीही कितीतरी कारखान्यांत त्याच्यावर खडूची फुली पडते आणि तो किलोच्या भावाने भंगारात जातो. लालबागहून रे रोडकडे उतरले की दारूखाना लागतो. तिथल्या ढिगांमध्ये असे शाफ्ट, रोलर, व्हॉल्व्हचे दांडे जाणत्या नजरेला सहज दिसतात. ही उधळपट्टी आहे, आणि आपण तिला व्यवहार म्हणतो याची मला चीड येते.

झिजलेला पट्टा पुन्हा भरून काढता येतो. त्यासाठी लोखंडाचीच पावडर लागते. वितळलेल्या धातूच्या धारेवर जोराने पाणी किंवा वायू मारला की तिचे थेंब फुटतात, हवेतल्या हवेत थिजतात आणि बारीक पूड होते. पाण्याने केलेले कण वेडेवाकडे असतात, वायूने केलेले गोल. ज्योतीने किंवा प्लाझ्माने फवारायची पावडर बारीक, लेसरने चढवायची सहसा त्याहून जाड, दीडशे मायक्रॉनपर्यंत. माणसाचा केस सत्तर मायक्रॉन धरला तर कल्पना यावी. लोखंडात क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम, बोरॉन किती मिसळायचे यावर तो थर गंजाला पुरून उरेल की घासण्याला, हे ठरते. ही विद्या कालपरवाची नाही. स्वित्झर्लंडमध्ये माक्स उलरिख शूप यांनी धातूचा फवारा मारण्याची रीत काढली त्याला शतक उलटून गेले. आणि माल मागवायला सातासमुद्रापार जायला नको, लोहपावडर बनवणाऱ्या स्वीडनच्या होगनास कंपनीचा कारखाना आपल्या अहिल्यानगरला आहे.

काळाचौकीजवळच्या एका गाळ्यात हे काम मी जवळून पाहिले आहे. झिजलेला भाग आधी लेथवर आणखी थोडा उतरवला, म्हणजे नव्या थराला सगळीकडे सारखी जाडी मिळते. मग त्यावर टोकदार खड्यांचा मारा केला. गुळगुळीत चकाकी गेली आणि पट्टा सँडपेपरसारखा खरखरीत, राखाडी झाला. "आता हात नाही लावायचा," गाळ्यातले काका म्हणाले. बोटाचा घाम लागला तरी थर तिथून सुटतो. शाफ्ट फिरता ठेवून त्यांनी ज्योतीने तो कोमट केला, ओल उडवली, आणि टॉर्चवरच्या बाटलीची चावी उघडली. पावडर ज्योतीतून पिवळ्या झोतासारखी निघाली. एकेक कण अर्धवट वितळून त्या खरखरीत पृष्ठभागावर आपटतो, चपटा होतो, खाचांत रुततो. थरावर थर चढत गेले. मध्येमध्ये काका थांबत, कारण शाफ्ट फार तापला तर वाकतो. शेवटी ग्राइंडरवर लावून तो मापात आणला, मायक्रोमीटर लावला, पुन्हा एकदा लावला. मोजून दीडशे-दोनशे ग्रॅम पावडर गेली असेल. बावीस किलो पोलाद नव्याने ओतणे, घडणे, वाहून आणणे वाचले. एक टन पोलाद करताना जगात सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे इथे आठवावे.

लालबाग-परळच्या माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही. गिरणगावाची ओळख आपण सूतखाते आणि लूमखाते यांवरून सांगतो, पण दर गिरणीत एक मेकॅनिक खातेही होते. तिथे फिटर, टर्नर, लोहार, वेल्डर दिवसरात्र झिजलेले भाग मापात आणत. बाहेरून सुटा भाग यायला महिने लागायचे आणि लूम तर बंद ठेवता यायचे नाही. परळची रेल्वे कार्यशाळा १८७९ पासून इंजिने दुरुस्त करते आहे. माझगावच्या गोद्या जवळच. या पट्ट्यात दुरुस्तीची एक अख्खी विद्यापीठसदृश परंपरा उभी राहिली, तिला पदवी नव्हती एवढेच. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर ती परंपरा विस्कटली. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींना बाजार दाखवला. यंत्रे भंगारात गेली. यंत्रे जिवंत ठेवणारे हात कुठे गेले, हे कोणी विचारले नाही. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याचे काम पालिकेने हाती घेतले आहे. त्यात लूम ठेवा, जरूर ठेवा. पण त्याच्याशेजारी ते लूम पन्नास-पन्नास वर्षे चालते ठेवणाऱ्या फिटरचे टेबल नसेल, तर इतिहास अर्धाच सांगितला जाईल.

दुरुस्ती मागे का पडते? पैशाचे कारण सांगितले जाते, पण ते अनेकदा खोटे असते. खरेदी खात्यातल्या माणसाला नवा भाग मागवणे सोयीचे असते. नवा भाग बिघडला तर दोष पुरवठादाराचा, दुरुस्त केलेला बिघडला तर दोष सही करणाऱ्याचा. लेखापरीक्षक नव्या मालाच्या बिलावर प्रश्न विचारत नाहीत, दुरुस्तीच्या बिलावर दहा शेरे मारतात. एका कारखान्यात मला अधिकाऱ्याने सरळ सांगितले होते, "दुरुस्ती केली तर माझ्यावर येते हो." ही भीती खरी आहे, तिच्यासाठी त्या एकट्या माणसाला दोष देऊन भागणार नाही. नियम बदलले पाहिजेत. पण या भीतीतून एक नासकी सवयही वाढली आहे. दुरुस्त केलेला भाग रंग मारून, तेल पुसून नव्याच्या भावात खपवायचा. गिऱ्हाईक फसते आणि एकदा फसले की सगळ्याच दुरुस्तीवरून त्याचा विश्वास उडतो. गाळेवाल्यांनी स्वतःच्या धंद्याचा गळा असा आपल्याच हातांनी आवळला आहे. दुरुस्त केलेल्या भागावर तसा शिक्का हवा. कोणती पावडर, किती जाडी, कोणत्या तारखेला, कोणाच्या हातून, हे कागदावर हवे. लाजायचे कशाला?

प्रामाणिकपणाची कसोटी मात्र नकाराच्या वेळी लागते. फवारलेला थर झीज भरून काढतो, ताकद परत देत नाही. तडा गेलेल्या शाफ्टवर कितीही सुंदर थर चढवला तरी तो मोडणारच, आणि मोडताना शेजारी उभ्या माणसाला घेऊन जाऊ शकतो. म्हणून काम घेण्याआधी डाय पेनेट्रंट तपासणी करायची. लाल द्रव लावायचा, पुसायचा, वर पांढरा लेप फवारायचा आणि तड्यात मुरलेला द्रव वर येतो का याची वाट पाहायची. त्याच गाळ्यात एका शाफ्टच्या खाचेपाशी पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटताना मी पाहिली. काका म्हणाले, "हा मी करणार नाही." गिऱ्हाईक अडून बसले, ज्यादा पैसे देऊ लागले. काकांनी शाफ्ट त्याच्या टेम्पोत परत ठेवायला लावला. असा नकार देणाऱ्या कारागिराला आपण डॉक्टरइतका मान दिला पाहिजे, आणि त्या तपासणीचे पैसे काम झाले नाही तरी दिले पाहिजेत.

आता लोखंडच का, याचे उत्तर. झिजेला टिकणारे थर इतकी वर्षे कोबाल्ट आणि निकेलच्या पावडरींनी दिले जात, किंवा हार्ड क्रोमचा मुलामा चढवला जाई. जगातला निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगोतून येतो आणि तिथल्या हातखाणींत मुले राबतात, हे जगजाहीर आहे. हार्ड क्रोमच्या टाक्यांत हेक्सॅव्हॅलंट क्रोमियम असते, ते माणसाला कर्करोग देते हे जागतिक आरोग्य संघटनेची संशोधन संस्था निःसंदिग्धपणे सांगते. युरोपात त्याच्या वापरावर कडक बंधने आली, म्हणूनच तिकडे लोखंडावर आधारलेल्या पावडरी लेसरने चढवून त्याची जागा घेण्याचे काम जोरात चालू आहे. ब्रेकची धूळ कमी व्हावी म्हणून मोटारींच्या डिस्कवरही असे थर येऊ लागले आहेत. लोखंड स्वस्त आहे, आपल्याकडे मुबलक आहे, आणि त्याच्यासाठी काँगोतल्या कोणाच्या पोराला खाणीत उतरावे लागत नाही. ज्याला शक्य आहे त्याने लोखंड निवडावे, हे माझ्या मते कर्तव्यच आहे.

पण एवढ्याने हात झटकता येत नाहीत. लोखंडाच्या पावडरीतही क्रोमियम असते आणि तापलेल्या फवाऱ्याचा धूर फुप्फुसात गेला की तो अपाय करतोच. बारीक धातूची धूळ हवेत साचली तर पेटही घेऊ शकते. आणि गाळ्यांत काय दिसते? नाकाला बांधलेला रुमाल. रुमालाने मायक्रॉनची धूळ अडत नाही. धूर ओढून घेणारा पंखा, योग्य मास्क, कानांना संरक्षण यांचा खर्च दुरुस्तीच्या दरात धरलाच पाहिजे. चार माणसांचा गाळा कारखान्यांसाठीच्या कायद्याच्या कक्षेत सहसा येत नाही, म्हणून काम देणाऱ्या मोठ्या कंपनीने ही अट घालावी आणि तेवढे पैसे मोजावेत. कारागिराची छाती धुराने भरून शाफ्ट वाचवायचा असेल, तर तसले वाचवणे मला नको.

दसऱ्याला आपण यंत्रांना झेंडूचे हार घालतो, हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो. उरलेल्या वर्षात त्याच यंत्राला तेल घालणाऱ्याला कोणी नावाने ओळखत नाही. ज्या घरातला आजा फिटर होता त्या घरात नातवाने आयटीआयला जायचे म्हटले की तोंडे उतरतात. काळे हात हलके मानण्याची ही खोड जातिव्यवस्थेतून आली आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे. कागदावर लिहिणारा वरचा आणि लोखंड घासणारा खालचा, हा समज गिरण्या गेल्या तरी गेलेला नाही. धातूचा फवारा (थर्मल स्प्रे), लेसरने थर चढवणे (लेसर क्लॅडिंग), कठीणपणाची मोजणी, तडे शोधणे हे सगळे डोक्याचे काम आहे. ते आयटीआयच्या वेल्डर आणि टर्नरच्या अभ्यासात नीट शिकवले जावे, आणि गाळ्यातल्या जुन्या जाणत्यांना तिथे मानधन देऊन शिकवायला बोलवावे. ते लोक आज साठी-सत्तरीत आहेत. थांबायला वेळ नाही.

इंग्लंडमध्ये १९६६ साली पीटर जोस्ट यांच्या समितीने घर्षण आणि झीज यांकडे नीट लक्ष दिले तर देशाचे वर्षाला ५१ कोटी पौंडांहून अधिक वाचतील, असा हिशेब सरकारपुढे ठेवला होता. तिथे झीज हा सरकारी धोरणाचा विषय झाला. आपल्याकडे तो अजून फोरमनच्या डोक्यावर सोडलेला आहे. सुरुवात जवळून करता येईल. रे रोडचे ब्रिटानिया उदंचन केंद्र पावसाळ्यात आपल्या भागातले पाणी समुद्रात फेकते. अशा पाण्यातला गाळ-रेती पंपाचे पाते आणि शाफ्ट कुरतडत असते. पंप ऐन पावसात थांबला तर हिंदमाता चौकात किती पाणी तुंबते, हे परळ-लालबागला सांगायला नको. पालिकेच्या निविदेत दोन ओळी घालता येतात. कुठलाही मोठा भाग भंगारात काढण्याआधी तो दुरुस्त होऊ शकतो का, याचा लेखी अहवाल लागेल. आणि दुरुस्त भागाला नव्याप्रमाणे हमी असेल तर तो नाकारता येणार नाही. लहान पंपाचा दोन-चार किलोचा शाफ्ट बदलणेच कधी स्वस्त पडते, ते खुशाल बदलावे, पण तसे नोंदवहीत लिहून ठेवावे. ती नोंदवही मागण्याचा हक्क माहिती अधिकाराने आपल्याला २००५ पासून आहे, आणि अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.