रिकामा पाट

दूध नासले की झाकण कोणी उघडे टाकले याची चौकशी आधी होते. हानी झाली म्हणजे अपराधी हवाच, अशी आपल्या मनाची जुनी खोड आहे. पण जिच्यामागे एकही दुष्ट हेतू सापडत नाही, अशीही हानी जगात होत असते. ब्राझीलमधल्या एका पामची हकीकत वाचल्यापासून हा विचार माझा पिच्छा सोडीत नाही.

हा पाम मूळचा पूर्व ऑस्ट्रेलियातला. सडसडीत खोड, माथ्यावर हिरवीगार पाने आणि त्यांच्याखाली लोंबणारे लाल फळांचे घोस. असे देखणे झाड साओ पाउलो शहरातल्या लोकांनी बागांतून हौसेने लावले, यात नवल ते काय? तिथे कस्तुराच्या कुळातला, केशरी पोटाचा आणि गोड गळ्याचा एक पक्षी आहे. २००२ साली ब्राझीलने त्याला राष्ट्रीय पक्ष्याचा मान दिला. तो ही फळे गिळतो आणि बी रानात टाकतो. सावलीतही ते रुजते. साओ पाउलो विद्यापीठाच्या आवारात राखलेल्या जंगलात या पामने असाच शिरकाव केला आणि तिथल्या मूळच्या झाडांवर कुरघोडी केली.

दोष कोणाला द्यावा? झाड वाढले, पक्षी जेवला, माळ्याने बाग सजवली. तिघेही निरपराध!

पण त्या रानांची आणखी एक कथा आहे. तिथे ‘जुसारा’ नावाचा देशी पाम आहे. त्याच्या शेंड्यातला कोवळा गाभा लोक आवडीने खातात. या झाडाला खोड एकच. गाभा काढला की झाड मेले. चोरट्या तोडीने कित्येक रानांतून जुसारा नाहीसा झाला. टूकनसारखे मोठ्या चोचीचे पक्षीही अनेक ठिकाणी उरले नाहीत. तिथल्या जुसाराचे बीसुद्धा लहान झाले आहे, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. मोठे बी गिळून दूर नेणारा कोणी राहिलाच नव्हता. म्हणजे घरची माणसे आपणच पंगतीतून उठवली, आणि मग रिकाम्या पाटावर पाहुणा बसला म्हणून त्याच्यावर डोळे वटारले!

परका म्हणून त्याला हाकला, असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्या दिवाळीच्या चिवड्यातली मिरची आणि शेंगदाणे अमेरिका खंडांतूनच आले. त्यांना परके म्हणायचे कोणाच्या जिभेला सुचेल? कोण कुठून आला, हा प्रश्नच नव्हे. त्याच्या येण्याने इतरांना जेवायला जागा उरते की नाही, एवढेच पाहावे.

आणि जागा उरत नसेल तर? आजोबांनी लावलेल्या निरपराध झाडावर कुऱ्हाड चालवणे मलाही जड जाईल. तरीही दोष नसला म्हणून जबाबदारी टळत नाही, असे मला वाटते. आपण टाकलेल्या बीचे पुढे काय होते, हे पक्ष्याला कळण्याची सोय नाही. माणसाला आहे; आणि एकदा कळल्यावर ‘माझा हेतू चांगला होता’ हे उत्तर पुरे पडत नाही. बागेतले घोस पिकण्यापूर्वी उतरवावेत, जुने झाड गेले की त्या जागी जुसारा लावावा. पक्ष्याला उपाशी ठेवायचे नाही. त्याच्या पानात काय वाढायचे, ते मात्र आपल्या हाती आहे.